टाकीचा चढ

३ मार्च, रविवार

पाच महिन्यांनी सायकल! चाकात हवा भरतानाच दम लागला. बायको दारात उभी राहून बघत होती. 

मंडळी चौकात थांबली होती. बेकरीवाला ओरडला, "या, अर्धं लिव्हर!" हसलो. हसलं की पोट अजून ओढतं. ऑक्टोबरात निम्म्याहून जास्त लिव्हर काढून ताईला दिलं. त्याआधी पाण्याच्या टाकीचा चढ सगळ्यांच्या पुढे मी चढायचो. आज सपाट रस्त्यावर शेवटचा!

पण घोळक्यात शिरलो आणि वाराच गायब. पुढच्या नऊ पाठींनी अडवलेला. मी नुसते पाय हलवायचे, रस्ता आपोआप मागे जायचा. वीस वर्षं पुढे पुढे केलं म्हणून हे कधी कळलंच नाही. भलतंच सुख!

५ मार्च, मंगळवार

ताईकडे गेलो. जिना चढून धापा टाकत होतो ते तिने ऐकलं. झालं! "तुझं घेऊन मी उभी, आणि तुझी ही गत." ती शिकवते त्या शाळेतून दोनदा बोलावणं आलंय. डॉक्टरांनीही परवानगी दिलीय. पण आमच्या ताईबाई घरातून हलत नाहीत. म्हणते, "तू टाकीचा चढ चढलास की शाळेत जाईन. तोवर नाही." एकदा ठरवलं की ठरवलं. आमच्या घराण्याची खोड.

१० मार्च, रविवार

तिसऱ्या वळणावर उतरलो. पायांचं पाणी पाणी. बाकीचे वर गेले, मी दगडावर बसलो. झाडांना पालवी फुटलीय, इतकी कोवळी की ऊन आरपार जात होतं. या रस्त्याने हजारदा गेलो असेन, मान खाली घालून. इथे झाडं आहेत हेच ठाऊक नव्हतं!

बेकरीवाला खाली आला. डबीत माझ्यासाठी संत्र्याच्या फोडी. बिया काढलेल्या! हा बाबा पावाला धड कागद गुंडाळत नाही, आणि बिया काढतो?

संध्याकाळी ताईचा फोन. "चढलास?" तोंडातून निघून गेलं — "चढलो."  मग म्हणाली, "बरं झालं."

११ मार्च, सोमवार

गेली नाही शाळेत. "पुढच्या सोमवारी बघू," म्हणे.

१७ मार्च, रविवार

पुन्हा तिसरं वळण. पुन्हा संत्रं. पुन्हा "चढलो."

२० मार्च, बुधवार

तपासणी. सोनोग्राफीवाल्या बाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. "बघा, वाढून आलंय. जवळजवळ पूर्वीएवढं." मी बघतच राहिलो.

पस्तीस वर्षं लाकूड कापतोय. फळी तोकडी कापली गेली की गेली. कापलेलं वाढून आलेलं एकदाही बघितलं नाही. आणि इथे माझ्याच पोटात, मी दुकानात कपाटांना पॉलिश मारत असताना — गपचूप! ताईचंही वाढलंय म्हणे. एकाचे दोन झाले! बसमध्ये रडू फुटलं. शेजारच्या बाईंनी रुमाल पुढे केला. सर्दी झालीय म्हणालो.

२४ मार्च, रविवार

चौथं वळण! नर्सबाई पासष्टीच्या, पण आमच्यात सगळ्यांत दणकट. आज मुद्दाम माझ्यापुढे हळू चालवत होत्या, सगळा वारा स्वतःच्या अंगावर घेत. "माझ्या चाकाकडे बघा. वर बघायचं नाही." असं माझ्यासाठी कुणी करेल, वाटलं नव्हतं. मी कधी कुणासाठी केलं?

ताईला सांगितलं, "मजेत चढलो." "हो का?" एवढंच म्हणाली.

३१ मार्च, रविवार

टाकीची कड दिसली. आणि पोटरीत गोळा! शंभर पावलांवरून परत. संत्रं खाताना बेकरीवाला माझ्या नजरेला नजर देईना. संध्याकाळी ताईला फोनवर पुन्हा "चढलो."

६ एप्रिल, शनिवार

लाज वाटते. वाटलं होतं, एक थाप मारली की ताई कामाला लागेल. थापा चार झाल्या, ती घरीच. उद्या जमलं नाही तर सगळं खरं सांगून टाकणार. मग काय ओरडायचं ते ओरडू दे.

७ एप्रिल, रविवार

चढलो. खरंच!

शेवटच्या वळणावर नर्सबाई बाजूला झाल्या. समोर वारा, आभाळ, टाकी — आणि टाकीच्या कठड्यावर ताई! मांडीवर तीच डबी. संत्रं सोलत होती. भाऊजींची गाडी पलीकडच्या उताराला उभी.

"पाचवा रविवार आहे इथे बसायचा," म्हणाली. "आणि संध्याकाळी तू फोनवर चढायचास."

मला दम लागलेला.  तिने एक फोड माझ्या तोंडात कोंबली.

"डबी धुऊन दे. उद्या शाळेत न्यायचीय."