बेटावरच्या सहलीची यादी

मूल,
ता. १२ जानेवारी १९८७

प्रिय आशा,

सप्रेम जयभीम. तुझ्या घरी यायची तेव्हा मी उंबऱ्यावरूनच जयभीम म्हणायची आणि शाळेत मात्र सगळ्यांसमोर तुला नमस्ते करायची. तुझ्या ते लक्षात आलं असणारच, पण तू कधी बोलली नाहीस.

इकडे सगळं ठीक. धान निघालं. राइस मिलचा भुसा वर्गात येतो, मुली आधी बाकं झटकतात आणि मग बसतात. खुशाल भावोजींना कोरपन्याची हवा मानवली का? तुझी तिकडची शाळा कशी आहे?

विशेष म्हणजे आपल्या मोठ्या बाई, गिरजाबाई, एप्रिलमध्ये रिटायर होताहेत. त्यांना शाल-नारळ नको. सगळ्या शिक्षिकांनी मिळून पुन्हा वैनगंगेतल्या बेटावर एक दिवस जायचं म्हणतात. आखणी अर्थातच माझ्या गळ्यात. एक फेब्रुवारीचा रविवार धरलाय. व्याहाडपर्यंत एसटी, पुढे घाटापर्यंत पायी. वारलू ढिवराला भेटून आले. त्याच्या डोंग्यात आठ जणी बसतात, म्हणजे आपल्या दोन खेपा. तो म्हणाला, "बाई, दहाच्या आत या. मंग वारा सुटते, डोंगा हालला का तुमच्या मास्तरणी माह्यावर ओरडतेत!"

आता सोळा जणींच्या वडा-भाताला दाळ किती भिजवायची? बरबटीची किती, लाखोळीची किती? हे तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही.

असं तुला विचारायला मला लाज वाटायला हवी. वाटतेही आहे.

तीन वर्षांपूर्वीही यादी मीच केली होती. तुझ्या नावापुढे मी 'स्वयंपाक' लिहिलं, आणि लिहिल्यावर घाबरले. गिरजाबाई शाळेत स्वतःचा तांब्या आणतात, दुसऱ्या कोणाच्या पाण्याला शिवत नाहीत. बौद्धाघरच्या बाईच्या हातचं जेवण त्यांनी बेटावर सगळ्यांदेखत नाकारलं तर? म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी मी तुझ्याकडे आले आणि सांगितलं, वारलूचा डोंगा फुटला, सहल रद्द. तुझ्या गंजात दाळ भिजत होती. तू हसून म्हणालीस, "आता एवढी दाळ कोन खाईन?"

दुसऱ्या दिवशी तूच त्या दाळीचे वडे घेऊन माझ्या घरी आलीस. घराला कुलूप. शेजारच्या बुधरीनं तुला सांगितलं, "कमळाबाई त नदीवर गेल्या, सगळ्या मास्तरणी गेल्या." तू डबा तिच्याकडे ठेवून परत गेलीस. मी आले तेव्हा वडे गार झाले होते. एकही खाल्ला नाही.

सोमवारी तू मला एवढंच विचारलंस, "काऊन?" मी म्हटलं, गिरजाबाई शिवाशीव पाळतात, तुझा अपमान होऊ नये म्हणून मी तसं केलं. वर मी असा चेहरा केला की जणू तुझ्यावर उपकारच केले. तू त्यानंतर गिरजाबाईंशी कामापुरतंच बोललीस, आणि जूनमध्ये बदली मागून गेलीस. मी सगळ्यांना सांगत राहिले की भावोजींच्या नोकरीसाठी गेली.

आता जे लिहायचंय त्यासाठी तीन कागद फाडले.

गेल्या मंगळवारी सहलीची बैठक झाली. गिरजाबाई म्हणाल्या, "आशाबाईले पत्र टाक. तिच्या हातचा वडा-भात खाल्ल्याबिगर मी रिटायर होत नाई. त्या सालीबी मी वाट पाहून राह्यली होती, तू म्हनली का तिच्या घरी पाव्हणे आले." मी भीत भीत तांब्याचं विचारलं. त्या हसल्या. "मले कावीळ झाली होती ना बाई! तवापासून उकळलेलं पानी पितो."

आशा, गिरजाबाई तुझ्याबद्दल कधीच काही बोलल्या नव्हत्या. कोणीच बोललं नव्हतं. ते माझ्याच मनात होतं. मी त्याला गिरजाबाईंचं नाव दिलं, आणि एका चांगल्या बाईला तीन वर्षं तुझ्या नजरेत पाडलं. तुझा अपमान टाळायला निघालेली मी, तो अपमान मीच केला.

काल त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "माह्या नावावर? तीन वर्सं?" आणि उठून आत गेल्या. बाहेर आल्या त्या कोरपन्याच्या एसटीची वेळ विचारत. येत्या रविवारी त्या स्वतः तुझ्याकडे येताहेत, आमंत्रण द्यायला. त्या दारात उभ्या राहण्याआधी तुला खरं काय ते माझ्याकडून कळावं, म्हणून आज हे पत्र टाकतेय.

त्यांना परत पाठवू नकोस. त्यांचा काही दोष नाही. बेटावर जा, चिंचेच्या सावलीत चूल मांड, जेवायला वाढ. यादीतून मी माझं नाव काढलंय, तुझ्यासमोर पानावर बसायला मला तोंड नाही. डोंगा, एसटी, सामान सगळं ठरवून देईन आणि घाटावरूनच परत फिरेन. माफी मागत नाही. तू मनानं चांगली आहेस, मागितली तर देऊन टाकशील.

तुझ्या दारी स्वतः येण्याचं धैर्य नसलेली,
कमळा