तक्रार क्रमांक सतरा

४ फेब्रुवारी

घेतलं शेवटी! ते जुनं दोन पंख्यांचं विमान. म्हणजे विमान नव्हे, सिम्युलेटरमध्ये उडवायचं त्याचं ॲड-ऑन. किंमत हिला सांगितलेली नाही. हिने विचारलेलीही नाही, ते जास्त वाईट.

जाहिरातीत लिहिलंय — संग्रहालयातल्या खऱ्या विमानाचे चार हजार फोटो काढून हुबेहूब बनवलेलं. हुबेहूब आहेच. सुरू व्हायला खऱ्या विमानाइतकाच वेळ लागतो. धावपट्टीवर आणलं तर पडद्यावर सेकंदाला चौदा फ्रेम! उड्डाण कसलं, कुणीतरी फोटोंचा अल्बम चाळतंय असं वाटतं. तुम्ही संगणक नवा घ्या, असा बनवणाऱ्याचा सल्ला. आधी विमान विकायचं आणि मग विमानतळ घ्यायला लावायचा.

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. हे बाबांचं विमान. नोकरीची पहिली अकरा वर्षं त्यांनी विमान कंपनीच्या हँगरमध्ये हेच दुरुस्त केलं. आई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले, त्याला पाच महिने झाले, आणि आमचं बोलणं 'चहा झाला का' आणि 'तो दिवा बंद कर' यांच्यापुढे सरकलेलं नाही. म्हटलं, विमान दाखवलं तर तोंड उघडतील.

ही म्हणाली, नुसतं शेजारी जाऊन बसलास तरी चालेल. बायकांना यंत्रांतलं काही कळत नाही.

५ फेब्रुवारी

बाबांना बोलावलं. आले. दोन मिनिटं उभे राहिले. खुर्च्यांचा रंग चुकलाय म्हणाले आणि गेले.

लिहून घेतलं. तक्रार क्रमांक एक.

८ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर विमानाची चिरफाड. सिम्युलेटरवाल्यांच्या ऑनलाइन मंचावर मी 'काटेकोर' या नावाने परीक्षणं लिहितो. खऱ्या विमानात आयुष्यात चारदा बसलोय, चारही वेळा मधल्या खुर्चीवर. पण माझं परीक्षण येणार म्हटलं की ॲड-ऑन बनवणारे टरकतात. चष्म्याच्या दुकानात मी दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे भिंगं सरकवत 'आता बरं की मघाचं बरं' विचारत असतो. तिथे मला कुणी भीत नाही.

उंचीचा काटा उडी मारतो. पाऊस कॉकपिटच्या आतही पडतो. दार लावल्याचा आवाज फ्रिजचा आहे — शंभर टक्के फ्रिजचा!

पण खरा मासा गळाला लागला दुपारी. इंजिनाचं झाकण उघडून आत शिरलो. तिथे बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून एकाला दुसऱ्याशी पिळलेल्या तारेने जखडतात. बाकी सगळ्या तारांचा पीळ उजवीकडे. एका अडचणीच्या कोपऱ्यातल्या सहा बोल्टांचा मात्र डावीकडे! म्हणजे काय? फोटो आरशातल्यासारखा उलटा करून चिकटवलाय. आळशी माणूस. एका बाजूचा फोटो काढायचा आणि दोन्हीकडे वापरायचा. तक्रार क्रमांक सतरा.

११ फेब्रुवारी

परीक्षण टाकलं. तेवीस तक्रारी, सतरावी बाणांसकट. मंचावर नुसती धमाल. एकाने लिहिलं, ही नजर आहे की दुर्बीण! दुकानात दिवसभर मिशीत हसत होतो. एकीला चुकून तिच्या नवऱ्याचा चष्मा दिला.

ॲड-ऑन बनवणारा एकटाच आहे म्हणे. त्याने नम्रपणे कळवलंय की संग्रहालयात जाऊन तपासतो. तपास म्हणावं.

१३ फेब्रुवारी

आज बाबा आपणहून आले! मी मंचावरच्या वादासाठी त्याच कोपऱ्याचा फोटो काढत होतो. मागे येऊन उभे राहिले. मग स्टूल ओढून बसले.

"जरा जवळ घे," म्हणाले.

घेतलं. अर्धा तास बघत होते.  मी विचारलं, उडवू का? तर नको, राहू दे असंच.

१६ फेब्रुवारी

सलग चौथा दिवस. मी दुकानातून येतो तेव्हा स्टुलावर तयार असतात. इंजिन उघडायचं, तो कोपरा जवळ घ्यायचा, आणि गप्पा! हँगरचा मोठा साहेब विमानाच्या शेपटाकडे जाऊन झोपायचा ते सांगितलं. साहेब आत असताना एकदा विमान धुवायला काढलं होतं ते सांगितलं. स्वतःच हसले. पाच महिन्यांत पहिल्यांदा. ही दारात येऊन बघून गेली.

तक्रारीचं अजून सांगितलेलं नाही. दुरुस्ती झाली की एकदम दाखवीन. खूश होतील. त्यांच्या कामात आपला पोरगा चूक काढू शकतो, हे कळायला हवं एकदा.

२० फेब्रुवारी

नवी आवृत्ती आली! खुर्च्यांचा रंग सुधारला. पाऊस बाहेर गेला. आणि तार — सगळे पीळ उजवीकडे! खाली लिहिलंय, 'काटेकोर यांचे विशेष आभार'.

फ्रेम आता अकरा. असो.

२१ फेब्रुवारी

बाबांना दाखवलं. बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "तार कुणी बदलली?"

मी म्हटलं, मी! म्हणजे माझ्या सांगण्यावरून. मग आरसा, फोटो, डावं-उजवं सगळं साग्रसंगीत समजावलं. मंचावरच्या टाळ्यांसकट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आता नियमाप्रमाणे झालं," म्हणाले. स्टूल टेबलाखाली सरकवलं आणि गेले.

२२ फेब्रुवारी

आले नाहीत.

२४ फेब्रुवारी

चहा झाला का. तो दिवा बंद कर.

हिला म्हटलं, त्यांना हे विमान कंटाळवाणं झालं असेल, जेट घेऊ का? ही म्हणाली, "त्यांना विमान नकोय रे. त्या तारेचं काय होतं ते जाऊन विचार. आणि विचारून झालं की तू गप्प बस."

२५ फेब्रुवारी

विचारलं. त्यांच्या पलंगावर जाऊन बसलो आणि विचारलं.

तो फोटो उलटा नव्हता. पीळच डाव्या हाताचा होता. मी म्हटलं, पण तुम्ही तर उजव्या हाताचे. तर म्हणाले, "मी कुठे पिळली? तुझ्या आईने पिळली."

आई तिथे नोकरीला होती एवढं मला माहीत होतं. स्टोअरमध्ये, सुटे भाग मोजून द्यायला. त्या कोपऱ्यात हँगरमधल्या एकाही पुरुषाचा हात जायचा नाही. इंजिन उतरवायचं तर आठवडा जाणार. मग संध्याकाळी सगळे गेले की आई शिडीवर चढायची. मनगट बारीक, बोटं हुशार. अर्ध्या तासात काम फत्ते. परवाना तिला नव्हता, म्हणून कागदावर सही बाबांची. त्या तारकामासाठी कंपनीने वर्षातला उत्तम कारागीर म्हणून गौरव केला. बाबांचा.

"तीच टाळ्या वाजवत होती समोर बसून," म्हणाले. "मी कुणाला सांगितलं नाही. तिनेही नाही."

त्या विमानाचं ते शेवटचं काम. नंतर ते उडालंच नाही, थेट संग्रहालयात गेलं. आईने माझ्या वेळी दिवस राहिल्यावर नोकरी सोडली. ती डावखुरी होती हे मला जन्मभर ठाऊक होतं. शिडीवर चढायची हे ऐकायला मी कधी तिच्याजवळ बसलोच नाही. फार लाज वाटली. तिथेच बसून रडलो. बाबांनी पाठीवर हात ठेवला आणि दिवा बंद कर म्हणाले नाहीत.

२६ फेब्रुवारी

सकाळी एकदम सुचलं. पडद्यावरची पुसली तर पुसली! खऱ्या विमानावर आईची तार आहेच की. बाबांना म्हटलं, शनिवारी संग्रहालयात जाऊ. विमानाने तीन तास. तिघांची तिकिटं काढली. बाबांनी दोनदा विचारलं, झाकण उघडू देतील ना? म्हटलं, बनवणाऱ्याची तिथे ओळख आहे, त्याला पत्र टाकतो. चूक माझीच होती हेही लिहिलं. मंचावर नाही लिहिलं. लिहीन.

रात्री बाबा बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

२७ फेब्रुवारी

उत्तर आलं. अगदी सज्जन माणूस. लिहितो — फोटो उलटा नव्हता हे मलाही तिथे गेल्यावर कळलं. खऱ्या विमानावरच तार उलट्या पिळाची होती. तुमचं परीक्षण मी संग्रहालयाच्या लोकांना दाखवलं. त्यांनी लगेच ती कापून नियमाप्रमाणे नवी घातली. जुनी त्याच दिवशी कचऱ्यात गेली. तुमच्यामुळे आता दोन्ही विमानं बिनचूक आहेत, मनापासून आभार.

बाबा बॅग भरून दाराशी बसलेत. विमान उद्याचं आहे.