मागे जायला दहा दिवस

५ मार्च

चि. छबूस दादाचे अनेक आशीर्वाद.

एवढ्याशा कामासाठी पत्र कशाला, फोन का नाही, असं तू विचारशीलच. अगं, फोनवर मला आता निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनाने भरतो. शिवाय हे प्रकरण घरातल्या कोणाच्या कानावर जायला नको आहे. वाचून झालं की पत्र फाडून टाक.

दुकानातला संगणक कोणीतरी बिघडवला आहे. बिघडला नाही, बिघडवला. सोमवारी संध्याकाळी सहाला मी तो नेहमीसारखा बंद करून घरी आलो. मंगळवारी सकाळी चालू केला, तर पडद्याचं सगळं रूपच पालटलेलं. अक्षरं वेगळी, चित्रं वेगळी, आणि जागा व्हायलाच त्याला वीस मिनिटं लागली. आधीच म्हातारा, त्यात अंगावर हे नवं ओझं. तेवढ्या वेळात मी एक मनगटी घड्याळ खोलून मोकळा झालो.

तेही सोसलं असतं. पण घड्याळाची टिकटिक ऐकणारा माझा प्रोग्रामच आंधळा-बहिरा झाला आहे. तुला दाखवला होता तो. घड्याळ मायक्रोफोनवर ठेवलं की पडद्यावर रेघ उमटत जाते. रेघ सरळ गेली तर घड्याळ बरोबर, वर चढली तर पुढे धावतंय, खाली उतरली तर मागे पडतंय. आता मायक्रोफोन सापडत नाही असं तो सांगतो. मायक्रोफोन तिथेच, त्याच्या नाकासमोर आहे.

तुझ्यापासून काय लपवायचं? उजवा कान गेल्यापासून मी त्या रेघेच्या जिवावर दुकान चालवतोय. ती नसेल तर मी पट्टे आणि बॅटऱ्या बदलण्यापुरता उरेन. दोन वर्षांपूर्वी आमचे चिरंजीव म्हणाले होते की बाबा, आता पुरे, घरी बसा. आठवडाभर मी त्याच्याशी बोललो नव्हतो. आता त्याचं म्हणणं आपसूक खरं होईल.

आणि इथेच माझ्या मनात पाल चुकचुकते. दुकानाची दुसरी किल्ली त्याच्याकडे. वीज कचेरीतून सुटला की हा रोज व्यायामशाळेत जातो म्हणे. दोन वर्षं व्यायाम, आणि कमरेचा पट्टा मात्र एकेक भोक बाहेर सरकतोय. सकाळी दुकानातली माझी खुर्ची मला दोन बोटं उंच झालेली सापडते. तुझी वहिनी म्हणते, मला साखरेच्या डब्याचाही संशय येतो. येतो, कारण साखर खरोखरच कमी होते.

मंगळवारपासून मी संगणकाची वायर काढून पिशवीतून घरी आणतो. बघू कोण काय करतो ते. तू पाणीपुरवठ्याच्या कचेरीत अठरा वर्षं संगणकापुढे काढलीस, तेव्हा मला एवढंच सांग: हे यंत्र होतं तसं परत करता येतं का?

माझ्यावरचा लोभ वाढव. घरातल्यांवरचा थोडा कमी केलास तरी माझी हरकत नाही.

तुझा
दादा

७ मार्च

ती. दादास छबूचा सा. न. वि. वि.

पत्र फाडलेलं नाही. तुझं अक्षर अजून इतकं सुरेख येतं की जिवावर आलं.

आधी घाबरणं थांबव. तुझ्या संगणकाने नवी आवृत्ती अंगावर चढवून घेतली आहे, बाकी काही नाही. ही यंत्रं महिनोन्महिने मागे लागतात, नवी घ्या, नवी घ्या, अशी चौकट सारखी पुढे आणतात, आणि एखाद्या दिवशी कोणीतरी वैतागून हो म्हणतं. आमच्या कचेरीत मीच म्हटलं होतं, आणि दोन दिवस सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

परत जाता येतं. मात्र जुनी आवृत्ती ते यंत्र दहाच दिवस बाजूला जपून ठेवतं, मग स्वतःच टाकून देतं. सोमवारपासून धरलं तर तेरा तारखेपर्यंत. हे पत्र तुला उद्या-परवा मिळेल, तेव्हा हयगय करू नकोस. सेटिंगमध्ये जा, रिकव्हरी म्हणून आहे ते उघड, त्यात आधीच्या आवृत्तीवर परत जा असं बटण दिसेल. का जायचं आहे असं ते विचारेल, काहीही सांग. मग तास-दीड तास हात लावायचा नाही आणि वायर अजिबात काढायची नाही. तुझी वायर काढायची नवी सवय त्या दिवसापुरती आवर.

परत आल्यावर तुझा प्रोग्राम उघड आणि त्यातली जुन्या नोंदींची यादी शाबूत आहे का ते बघ. तू तुझ्या वहीत लिहितोस म्हणून ती कधी उघडत नाहीस, पण कुठलं घड्याळ, किती वाजता तपासलं आणि दिवसाला किती सेकंद पुढेमागे होतं, हे सगळं तो आपणहून टिपत असतो. यादी असली की सगळं जागेवर आलं असं समज.

भाच्याबद्दल म्हणशील, तर त्या मुलाने परीक्षेतले गुण सोडून आजवर कशाबद्दल खोटं सांगितलेलं नाही. पोटाचं म्हणशील तर ते आपल्या घराण्याचं आहे, व्यायामशाळेचा काय दोष? वहिनीला नमस्कार, आणि तिला साखर सुखाने खाऊ दे.

लोभ नेहमीचाच, कमी कोणावरचाही करणार नाही.

तुझी
छबू

८ मार्च

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. फोन हातात घेतला की माझ्या तोंडून शब्दच फुटत नाही. बाबांनी तुला लिहिलंय हे कळलं. काल जेवताना त्यांनी ते मुद्दाम मोठ्याने सांगितलं आणि घास घेईपर्यंत माझ्याकडे रोखून बघत राहिले.

आत्या, संगणक मीच बिघडवला.

दोन वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत डॉक्टरीणबाई आल्या होत्या, वीजबिलाच्या कामाला. बाबांनी दुरुस्त केलेलं त्यांचं घड्याळ तिसऱ्यांदा पुढे धावत होतं. बाबांना वाईट वाटेल म्हणून त्यांनी ते माझ्या हातात दिलं. संध्याकाळी किल्लीने दुकान उघडून मी मायक्रोफोनवर लावलं, तर दिवसाला बावीस सेकंद पुढे. रेघ चांगली चढलेली होती. मग तयार ट्रेमधली बाकीची घड्याळं लावून बघितली. थोडीफार सगळ्यांचीच तीच गत. बाबांना ती रेघ सरळ दिसते, आत्या. त्यांच्या डोळ्यांना तो चढ कळत नाही.

म्हणून मी त्यांना घरी बसा म्हणालो होतो. त्यांनी धरलेला अबोला बघितल्यावर परत तो विषय काढायची माझी छाती झाली नाही. लहानपणी त्यांनीच शिकवलंय, तेव्हा हात बसलेला आहे. रोज कचेरी सुटली की मी दुकानात जातो, त्यांनी दिवसभरात लावलेली घड्याळं परत लावतो, होती तशी ट्रेमध्ये ठेवतो आणि साडेसातला घरी येतो. व्यायामशाळा मी आतून बघितलेलीसुद्धा नाही.

सोमवारी चिमट्यात बारीक स्क्रू धरलेला असताना ती चौकट परत पुढे आली. ती जावी म्हणून मी घाईत दिसेल ते दाबलं. मग काही केल्या थांबेना. मंगळवारी जाऊन निस्तरावं म्हटलं, तर बाबांनी वायर घरी आणलेली. आता ती वायर त्यांच्या उशाशी असते.

कबूल करावं, तर सोमवारी साडेसहाला मी दुकानात काय करत होतो हे सांगावं लागेल. चोर ठरलो तरी एक वेळ चालेल, पण आपली घड्याळं चुकतात हे त्यांना माझ्या तोंडून कळायला नको. बाबा कशासाठी जगतात याचं उत्तर हे एवढं कामच आहे. तूच त्यांना परत जायचा रस्ता सांग. नोंदींची यादी ते कधी उघडत नाहीत, नाहीतर तेवढ्यानेच सगळं बाहेर पडेल.

माझ्यावर रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझा
भाचा

१० मार्च

चि. छबूस दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र शनिवारी मिळालं. लगेच बटण दाबणार होतो, पण म्हटलं जरा डोकं लढवावं. दहाच दिवसांची मुदत असेल, तर तारीखच मागे घेतली की झालं. आयुष्यभर काटे फिरवले, त्यात हे काय विशेष? काल संध्याकाळी संगणकाची तारीख चार करून ठेवली, वायर काढली आणि घरी आलो. हातात पाच दिवस जादा आले म्हणून झोपही छान लागली.

आज सकाळी बघतो तर तारीख दहा. वायर माझ्या पिशवीत आणि तारीख दुकानात बदलते. याचा अर्थ सरळ आहे. कोणीतरी दुसरी वायर घेऊन येतो, आणि वीज कचेरीत वायरींना काय तोटा? मी परत जाऊ नये म्हणून दिवस पुढे ढकलण्यात त्याचाच फायदा आहे. दहा दिवस उलटले की बाबा आपोआप घरी.

पोटच्या पोराबद्दल हे लिहिताना दोन कागद फाडून झाले. पण ताकास तूर लागू न देता दोन वर्षं हा माझ्या दुकानात शिरतोय एवढं नक्की. शनिवारी कुलूप बदलून घेणार. आणि माझं टेबल, भिंगं, हत्यारं चौकातल्या घड्याळजीला देऊन टाकणार. तो माझ्यापेक्षा वाईट काम करतो, तरी चालेल. ज्याने मला फसवून उठवलं, त्याच्या हातात मी ते जाऊ देणार नाही.

परवा दुपारी परत जायचं बटण दाबतोय. त्या दिवशी रस्त्यावर वर्दळ कमी असते.

तुझ्या लोभावाचून मला आता दुसरा आधार नाही असं धरून चाल.

तुझा
दादा

१० मार्च

चि. भाच्यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. आधी तुझा राग आला, मग तुझ्या बापाचा, मग माझा. माझा का, ते ऐक. परत गेल्यावर नोंदींची यादी उघडून बघ, असं मी सात तारखेला त्याला लिहून बसले आहे. ते पत्र एव्हाना त्याच्या हातात पडलं असेल.

आता उघडू नकोस असं लिहावं, तर तुझा बाप ती आधी उघडेल. त्याला तू ओळखतोसच. तेव्हा माझं ऐक. त्याला यंत्राकडून कळण्याआधी तू सांग. तुला वाटतं तू त्याचा मान राखतोयस. राखला आहेसही, दोन वर्षं, आणि मला तुझं कौतुक वाटतं. पण तो तुला चोर समजतोय, बाळा, आणि त्यात तो तुझ्याहून जास्त झुरतोय.

कचेरीच्या पत्त्यावर पाठवतेय, म्हणजे घरी फुटणार नाही. मिळेल त्याच दिवशी जा.

आत्याचा लोभ कुठे जातोय?

तुझी
आत्या

१४ मार्च

चि. छबूस दादाचे अनेक आशीर्वाद.

बुधवारी दुपारी शटर अर्धं खाली ओढलं आणि बटण दाबलं. तू म्हणालीस तसं यंत्राने विचारलं की परत का जायचं आहे. मी टंकून दिलं, विचारणारे तुम्ही कोण. दीड तास हात मांडीवर ठेवून बसलो. मग माझा जुना पडदा आला. हातातलं घड्याळ मायक्रोफोनवर ठेवलं, रेघ उमटली, छान सरळ गेली. मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू.

मग तू सांगितलेली यादी उघडली. प्रत्येक घड्याळाची नोंद दोनदा. एक दिवसा, माझी. दुसरी संध्याकाळी, सहा चाळीस, सहा पन्नास, सात. तुला खोटं सांगत नाही, छबू, मला आनंद झाला. चोर सापडला, तोही वेळेसकट.

पुढे आकडे बघितले. माझ्या नोंदीला वीस सेकंद पुढे, संध्याकाळच्या नोंदीला दोन. माझ्या नोंदीला अठरा मागे, संध्याकाळी एक. पानंच्या पानं तसंच. आधी वाटलं, यंत्रच माझ्याशी लबाडी करतंय. म्हणून ड्रॉवरमधली पोलादी पट्टी काढली आणि पडद्यावरच्या त्या रेघेला लावली. मला सरळ दिसणारी रेघ पट्टी सोडून वर चढत गेलेली होती. पट्टी उलटी करून लावली, तरी तेच.

मी रडलो. लाज वाटली म्हणून रडलो, आणि पोराबद्दल मी काय काय मनात आणलं होतं ते आठवून रडलो.

साडेसहाला तो आला. अर्धं शटर बघून बाहेरच थबकला. त्याच्या हातात तुझं पत्र होतं. बाबा, तुम्हाला काही सांगायचं आहे, म्हणाला. मी पडदा त्याच्याकडे फिरवला आणि म्हटलं की मला कळलंय. मग मीच कबूल केलं की मी त्याला चोर समजत होतो. तो म्हणाला, ठाऊक आहे. एवढंच म्हणाला, पण ते मला फार लागलं.

तारखेचं कोडंही त्यानेच सोडवलं. इंटरनेट जोडलेलं असलं की यंत्र म्हणे बाहेरून वेळ विचारून घेतं आणि स्वतःचं घड्याळ लावतं. चाळीस वर्षांच्या घड्याळजीसमोर हा उद्धटपणा. असो.

मग त्याला माझ्यासमोर बसवून एक घड्याळ लावायला सांगितलं. हात माझ्यासारखाच चालतो, पण माझ्यापेक्षा सावकाश, आणि तेच बरं. आता असं ठरलंय की खोलणं, धुणं, जोडणं मी दिवसा करायचं. वेळ लावायचं काम त्याने संध्याकाळी करायचं, मी शेजारी बसलेला असताना, गिऱ्हाइकांच्या देखत. टेबल कुठेही जात नाही. सोमवारी डोळे दाखवायला चाललोय.

तुझ्यावर मात्र मी रागावलो आहे. दहा तारखेला तुला सगळं समजलं होतं आणि मला एक ओळ नाही. पण यादी बघायला तूच सांगितलंस, त्यामुळे धड रागावताही येत नाही.

त्या दिवशी दोघांनी मिळून शटर ओढलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा एकत्र घरी आलो. वाटेत त्याने माझी पिशवी घेतली. तुझ्या वहिनीने दार उघडलं, दोघांना बरोबर बघितलं, आणि काहीएक न विचारता दोन ताटं मांडायला आत गेली. तिलाही पहिल्यापासून ठाऊक होतं, असा मला दाट संशय आहे.

लोभ असू दे, आणि यापुढे माझ्याबद्दल जे काही कळेल ते आधी मला कळव.

तुझा
दादा