मागच्या दाराचं कुलूप

४ मार्च, मंगळवार

अग्निशमन खात्याचं पत्र आलं. छोट्या कारखान्यांनी आता आपली तपासणी आपणच करायची. प्रश्न खात्याचे, उत्तरं आपली, खाली जबाबदार व्यक्तीची सही. हॉटेलवाल्यांना गाद्यांची ऑर्डर देण्याआधी आमच्याकडून हाच कागद हवा आहे.

बाबांनी जबाबदार व्यक्ती म्हणून माझं नाव कळवूनही टाकलं. विचारलं नाही! "सेफ्टीचा डिप्लोमा काय भिंतीवर लावायला केलास?"

ठीक. नाव माझं, तर उत्तरंही माझी.

५ मार्च

पाहणी केली. वायरिंग बरं आहे. शिलाईच्या भागात आग विझवायचं सिलिंडर नाही — ते बाबांच्या केबिनमध्ये, काचेच्या कपाटात, प्लास्टिकच्या वेष्टनासकट! "नवं आहे, हात लागून खराब होतं." मी वेष्टन फाडलं आणि ते शिलाईजवळच्या खांबावर टांगलं. बाबांचा चेहरा असा, जणू अंगातला शर्टच फाडला.

मग मागचं दार. कुलूपबंद. तिथून एकदा कापडाचे तागे चोरीला गेले, तेव्हापासून. शिवणाऱ्या सगळ्या बायका त्याच दारापाशी बसतात — आईसुद्धा. पुढच्या दाराकडे जायची वाट फोमच्या थप्प्यांमधून. फोम पेटला की ज्वाळांच्या आधी धूर गाठतो. म्हणजे पुढे धूर, मागे कुलूप.

"किल्ली माझ्या खिशात असते," बाबा.

"आणि तुम्ही बँकेत गेलेले असलात तर?"

"आग काय मी बँकेत गेल्याचं बघून लागणार आहे?"

६ मार्च

दादा समजवायला आला. "अगं, स्वतःच्या पेपरात स्वतःला कोणी नापास करतं का? सगळीकडे 'हो' लिहायचं. शेजारच्या बेकरीवाल्यानं चहा पिता पिता भरला."

"बेकरीवाल्याकडे फोम नाही."

"तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं."

आपट.

७ मार्च

सराव घेतला. सगळ्यांना सांगून, भर दुपारी. मेन स्विच पाडला. म्हटलं, पुढची वाट पेटली आहे असं समजा, मागून बाहेर पडा. बायका हसत हसत मागच्या दाराशी जमल्या. खोळींना चेन लावणाऱ्या मावशी गुडघा चोळत म्हणाल्या, "बाई गं, खरी लागली तर मी आपली इथंच बसणार. माझं काय धावायचं वय आहे?" हशा.

"बाबा, उघडा."

किल्ली आत गेली. फिरेना. दोन्ही हातांनी फिरवली. मशीनचं तेल सोडलं. तरी नाही. शेवटी दादानं जोर लावला — किल्ली आतच मोडली.

हसणं थांबलं. मावशी हळूच स्टुलावर बसल्या. आई कुलपाकडे बघत राहिली.

घरी आल्यावर बाबा: "चारचौघांत बापाची अब्रू काढलीस."

"कुलूप तोडा. लगेच 'हो' लिहिते."

"आणि माल गेला तर तू भरून देणार?"

आई ताटं घेत होती. "जाऊ दे ना गं," एवढंच म्हणाली. तिचा सगळ्याच भांडणांवर हाच उपाय.

८ मार्च

उत्तरं पाठवली. 'बाहेर पडायचा दुसरा मार्ग खुला आहे का?' — नाही. खाली सही, पूर्ण नावाची.

बाबांना प्रत नेऊन दिली. पाठीमागून काही करायचं नव्हतं. त्यांनी वाचली, चष्मा काढला. "सोमवारपासून कारखान्यात पाऊल ठेवायचं नाही."

रडले नाही. रडले असते तरी इथे लिहिलं नसतं.

१० मार्च

घरीच. खात्यातल्या बाईंचा फोन आला. दंड नाही, दुरुस्तीला महिनाभर मुदत. "खरं सांगू का," त्या म्हणाल्या, "तुमच्या रस्त्यावरच्या बाकी सगळ्यांनी 'हो' लिहिलंय."

मुदतीचं बाबांना कळवलं. दादाकडून उलट निरोप — महिना आहे ना, मग घाई कसली? वर बाबांनी मागच्या दारासमोरच फोमची एक थप्पी रचली म्हणे. मुद्दाम!

उद्या खात्याला पुन्हा कळवणार. परवाही. मला आता वेळच वेळ आहे.

११ मार्च

सकाळी बाबांचा फोन. आवाज चढलेला, पण मधेच चिरकत होता. "आधी येऊन आईला समजाव तुझ्या! सगळ्या बायका रस्त्यावर बसल्यात आणि ही सगळ्यांच्या पुढे, स्टूल टाकून! म्हणते, कुलूप तोडल्याशिवाय एक टाका घालणार नाही —"

मागून आईचा आवाज. असा मी कधी ऐकला नव्हता.

"तिला कशाला मधे घेता? मी बोलतेय ना तुमच्याशी!"