रेणूचे दोनशे शिपाई

ता. ४ ऑगस्ट, सोमवार
सकाळी फोन उघडला तर खेळाचं रूपच पालटलेलं. नवे झेंडे, नवे बुरूज. मी खूश. मग टोळीतल्या इरफानच्या किल्ल्याला धान्य पाठवायला गेले, तर ते बटणच नाही! आता एकमेकांना द्यायचं बंद. आपलं कोठार रिकामं झालं की आपले शिपाई निघून जाणार. आमची तीस जणांची टोळी, देऊन घेऊनच तर एवढी...

ता. ५, मंगळवार
ग्रुपवर नुसता कल्ला. तिघं खेळ सोडून गेले. टोळीची म्होरकी माझी नातच, पुण्याची रेणू. तिनंच मला खेळात ओढलं. तिनं ठरवलं, उद्यापासून आठ दिवस कुणीच खेळ उघडायचा नाही, म्हणजे बनवणारे ताळ्यावर येतील. "आजी, तूसुद्धा!" आमच्याच शहरातला, नारायणगुड्याचा इरफान म्हणे, "दादी, भूल के भी नक्को खोलो." हौ म्हटलं. पण काय बोलते आमची रेणू! तिचा ग्रुपवरचा आवाजी निरोप सूनबाईला दोनदा ऐकवला. तिसऱ्यांदा ती कुकर लावायला गेली.

ता. ८, शुक्रवार
श्रावणी शुक्रवार. विद्यानगरची सवाष्ण जेवायला होती. पुरणात वेलची जरा जास्तच पडली. तिला वाढताना आठवलं, रेणूच्या कोठारात मंगळवारी मीच तीन दिवसांचं टाकलेलं. ती कामात असली की तिचा किल्ला मीच बघते, पासवर्ड दिलाय. म्हणजे आज संपणार. घरात सवाष्ण जेवतेय आणि तिकडं दोनशे माणसं उपाशी. माझे जाऊ देत. तिनं दोन वर्षं लावून जमवलेत. तिच्या नावानं उघडलं, आठवड्याचं भरलं, बंद केलं.

ता. ९, शनिवार
काय करून बसले मी. खेळ उघडला की नाव हिरवं होतं, काल रेणूचं झालेलं सगळ्यांनी पाहिलं. "म्होरकीच फितूर!" "आम्हाला थांबवून स्वतःचं भरलं." ती शपथा घेतेय, कुणी ऐकत नाही. दुपारी फोन, रडतच. "आजी, तुझा तरी विश्वास आहे ना?"
आहे म्हटलं. तेवढंच म्हटलं.

ता. १०, रविवार
शेवटी ग्रुपवर बोलून टाकलं, रेणूनं नाही, मी उघडलं. इरफान हसत सुटला, "दादी, शिपायां भूके देखे नै गए क्या तुमसे!" बाकीचेही निवळले. रेणूची संध्याकाळी एकच ओळ. "काल फोनवर का नाही सांगितलंस?"
तीनदा लिहून पुसलं.

ता. १४, गुरुवार
आठ दिवस झाले. नियम तसाच. निम्मे परत आले, कुरकुरत. काही दुसऱ्या खेळात गेले. माझ्या किल्ल्यात कुणी उरलं नाही, त्याचं काही नाही. रेणूचे दोनशे तटावर उभे आहेत, बाहेरून दिसतात. ती अजून आत आलेली नाही. पासवर्ड टाकून बघितला, चालत नाही, बदललाय. मी भरलेलं धान्य उद्या सकाळी संपेल. तिला कळवायला फोन लावला. वाजत राहिला. तिच्या जेवणाच्या सुट्टीत परत लावते, आणि आधी शिपायांचं नाही, त्या शनिवारचं बोलते. उचलला तर...