शत्रू माझ्यासारखा उडतो

सोमवार, ३ जून
नोकरीचा पहिला दिवस, आणि चक्क मजा आली! विमानयुद्धाचे गेम बनवणारी छोटी कंपनी. चार टेबलं, पडदे कायम ओढलेले. माझं काम मोहीम खेळून चुका शोधायचं. मोहीम म्हणजे एकामागून एक लढाया, आणि त्यात मागचं सगळं लक्षात राहतं. शत्रूचं विमान जखमी होऊन निसटलं तर पुढच्या लढाईत तसंच जखमी येतं. पाडलं तर कायमचं गेलं. साहेबांना सगळे ‘कप्तान’ म्हणतात. त्यांना लिफ्टमध्येसुद्धा गरगरतं म्हणे. इथली रीत अशी की नव्या माणसाने पहिला दिवस नुसतं उडायचं. त्यावरून कॉम्प्युटर एक शत्रू तयार करतो. मी बाबांनी शिकवलं तसंच उडवलं. बाबा वैमानिकांचे शिक्षक होते. शाळेत नाव घालायच्या आधीच त्यांनी मला स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवून, हातात छत्री देऊन वळणं शिकवली होती.

गुरुवार, ६ जून
माझा शत्रू आला. वळण्याआधी डावा पंख किंचित झुकवतो, अगदी माझ्यासारखा. शेजारच्या टेबलावरचा मुलगा, ज्याला सगळे ‘नेमबाज’ म्हणतात, म्हणाला, ताई, आरशाशी भांडताय की काय! पण मग शत्रूने पोट आभाळाकडे करून एक गिरकी घेतली, जी मला येतच नाही. माझी उड्डाणं दोनदा तपासली. ती गिरकी कुठेच नाही. संध्याकाळी फोनवर बाबांना वर्णन केलं. ते आधी हसले, मग म्हणाले, ती माझी गिरकी. धोक्याची म्हणून तुला शिकवलीच नव्हती.

सोमवार, १० जून
त्याच्या डाव्या पंखाला माझ्या गोळ्या लागल्या. धूर सोडत निसटला. जेवायच्या सुट्टीत आईचा फोन: बाबांचा डावा हात उचलत नाही. डॉक्टरांना काही सापडत नाही. योगायोग असेल. असेलच.

बुधवार, १२ जून
तो तसाच आला, डावीकडे कलंडत. मी मुद्दाम नेम चुकवला. तरी एक गोळी शेपटीला लागली. आई सांगते, बाबांना उभं राहता येत नाही.
कप्तानांना सगळं सांगितलं. त्यांनी सुट्टी घ्यायला सांगितली. मोहीम नेमबाजाकडे देणार. नेमबाज कधी चुकत नाही. मोहीम पुसून टाका असं म्हणवेना. पुसल्यावर बाबांचं काय? हात जोडले, एक दिवस मागून घेतला.

गुरुवार, १३ जून, दुपार
खेळणारा मेला की मोहीम तिथेच संपते. शत्रू जिवंत राहतो. म्हणजे मीच मरायचं. पडद्यावरच तर.
त्याच्यापुढे सरळ उडत राहिले. तो मागे आला. गोळी झाडत नाही. नुसता शेजारून उडतो —
आईचा फोन. बाबा झोपेत बडबडतायत, पोरीवर नाही झाडणार, नाही झाडणार —
चुका शोधणाऱ्यांच्या पडद्यावर त्याच्या इंधनाचा काटाही दिसतो. खाली चाललाय; इंधन संपून तो पडायच्या आत मला आपटायला हवं.

गुरुवार, नंतर
नाक जमिनीकडे केलंय. खूप उंच होतो, आपटायला वेळ आहे. जॉयस्टिक सोडून लिहितेय. खुर्ची पुढे कलते आहे, खरोखरची.
फोन स्पीकरवर. आई ओरडतेय, बाबा उठून बसलेत, डोळे मिटलेले, मूठ घट्ट, जॉयस्टिक पुढे लोटल्यासारखी —
पडद्यावर तो. माझ्यामागोमाग खाली. मला धरायला येतोय. इतक्या वेगात तोही आपटेल —
बाबा, नको. मला सोडा. वर घ्या. वर घ्या, बाबा, व