रॉक्सॅनची फुकटची कवळी

ती. शार्लीनताईस,

धाकट्या बॉनीचा साष्टांग नमस्कार (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा उभ्यानेच केला असं समज). तुझी कंबर कशी आहे? भावोजींचं कानाचं यंत्र सापडलं का? इकडे विस्कॉन्सिनात मी आणि डुएन दोघं सुखरूप आहोत, पण त्यात माझ्या अकलेचा काही वाटा नाही.

झालं असं, की माझ्याबरोबर जन्मभर शाळेची बस चालवलेली रॉक्सॅन (तीच ती, बर्फात बस मागे घेतल्याचं अजून सांगत फिरणारी) शुक्रवारी आमच्याकडे मासे खायला आली ती नवीकोरी कवळी लावून. फुकटात! चष्मा फुकट, पोहण्याचा तलावही फुकट. म्हणे मेडिकेअरचा, म्हणजे आपल्या त्या पासष्टीनंतरच्या सरकारी आरोग्यविम्याचा, खाजगी कंपनीवाला प्लॅन घेतलाय. ताई, खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट झाला. ती हसायची आणि माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. मीही पासष्टीची, मीही निवृत्त, मग हिच्याच तोंडात मोती का?

खरं तर माझं सगळं रीतसर होतं. मेडिकेअरचे दोन्ही भाग, अ आणि ब, मी वेळेवर घेतले होते. आम्हा निवृत्तांचं गणित सोपं असतं: डॉक्टरचं बिल आधी मेडिकेअर भरतं, उरलेलं शाळेचा विमा भरतो, आणि त्याच विम्यात माझ्यामागे डुएन (त्याला पासष्ट व्हायला अवकाश आहे, आणि जानेवारीत त्याच्या हृदयाची झडप बदलायची आहे). पण पोटात दुखायला लागलं की गणित कोणाला सुचतं? रॉक्सॅनच्या एजंटाने कॉफी आणि ॲपल पाय पुढे केला, मी सही ठोकली, वर दुसरा तुकडाही मागून घेतला.

आठवड्याभरात पेन्शन कार्यालयातल्या बाईंचा फोन. अगदी गोड आवाजात म्हणाल्या, की दोन्ही एकदम ठेवता येत नाहीत. नव्या वर्षात तो प्लॅन सुरू झाला की शाळेचा विमा सुटणार, माझाही आणि डुएनचाही, आणि पुन्हा मिळणार नाही. समोर अंगणात डुएन पक्ष्यांना दाणे घालत होता. सुरू होण्याआधी रद्द करता येतं म्हणाल्या, म्हणून कंपनीला फोन लावला, त्यांचं रटाळ संगीत ऐकत सबंध दुपार काढली आणि एकदाचं रद्द करून घेतलं.

मग तरातरा रॉक्सॅनकडे गेले. म्हटलं, "माझ्या नवऱ्याच्या जिवावर उठली होतीस, बये. तुझा शाळेचा विमा गेला, त्याचं तुला काहीच नाही?"

ती स्वेटरांच्या घड्या करत होती, तिच्या नवऱ्याच्या, लॉइडच्या. तो जाऊन वर्ष झालं, तरी करते. "माझ्या विम्यात आता माझ्यामागे आहे कोण?" ती म्हणाली. "तुझा घरी बसलाय, आणि तू माझ्या कवळीवर जळतेस?"

मला लाज वाटली, ताई. घरी येऊन डुएनला उगाचच दोनदा कॉफी करून दिली.

तुझी,
बॉनी

ता. क. यातलं डुएनला काही कळू देऊ नकोस. दुसऱ्या तुकड्याचं तर मुळीच नको.

आणखी एक ता. क. पत्र लिहिलं ते खरं यासाठी: थँक्सगिव्हिंगच्या सणाला तुझ्याकडे जेवायला येताना रॉक्सॅनला आणू का? बिचारी एकटी जेवते. फक्त तिला टेबलाच्या त्या टोकाला, भावोजींशेजारी बसव. त्यांना नाहीतरी ऐकू येत नाही. डुएनसमोर नको. परवा तो म्हणत होता, रॉक्सॅन हल्ली हसते किती छान.